मिलची मोटर वाईट दिवसासाठी निवडा



मिलच्या जुन्या टर्बाइन काढून त्या जागी वेग कमी-जास्त करता येणाऱ्या विजेच्या मोटरी बसवण्याचा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. गटवार सभांना गेलो की सभासद याबाबत दोनच गोष्टी विचारतात. पहिली, "साहेब, खर्च किती?" आणि दुसरी, "आमच्या बिलातनं कपात हाय का?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मा. संचालक मंडळ सभेत देईलच. पण तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा आहे. मोटर कोणती घ्यायची आणि ती कशावरून ठरवायची?

हा इंजिनिअरिंग खात्याचा विषय, त्यात शेतकी खात्याच्या माणसाने तोंड का घालावे, असे कोणी म्हणेल. मी कृषी पदविका घेतलेला माणूस. मोटरीचे वाइंडिंग कसे भरतात ते मला कोणी विचारू नये. पण मिलमध्ये जे पडते ते आपल्या रानातून येते. ते कोणत्या महिन्यात कसे असते, किती येते आणि कधी येत नाही, हे शेतकी खात्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मोटरी बसवाव्यात. पण नुसती हॉर्सपॉवर आणि टेंडरची किंमत बघून बसवू नयेत. ऊस ताजा, स्वच्छ आणि भरपूर असतो त्या दिवशी कोणतीही मोटर मिल चालवते. ऊस वाळलेला, पाचटाने भरलेला किंवा अपुरा असतो त्या दिवशी जी मिल चालवते ती मोटर खरी. मोटर चांगल्या दिवसासाठी नव्हे, वाईट दिवसासाठी निवडायची असते.

मिलला वेग कमी-जास्त का लागतो

गव्हाणीत पडलेला ऊस कॅरियरवरून लेव्हलर आणि फायब्रायझरमधून जातो. तिथे त्याचा भुसा होतो. हा भुसा उंच च्यूटमधून पहिल्या मिलमध्ये उतरतो, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या असा शेवटच्या मिलपर्यंत जातो. प्रत्येक मिलमध्ये मुख्य तीन रोलर. वरच्या रोलरवर हायड्रॉलिकचा काही शे टनांचा दाब असतो. एवढ्या दाबाखाली रोलर फिरतात ते मात्र अगदी सावकाश, मिनिटाला चार-पाच फेरे. टर्बाइन मिनिटाला हजारो फेरे फिरते. तो वेग गिअरमागून गिअर लावून एवढा खाली आणावा लागतो.

च्यूटमध्ये भुश्याची उंची सारखी राहिली पाहिजे. उंची असली की वरच्या वजनाने मिलला घास नीट लागतो. च्यूट रिकामा पडला आणि मिल त्याच वेगाने फिरत राहिली, तर रोलरमधला थर पातळ होतो, पिळणूक कमी पडते आणि बगॅसमध्ये साखर व ओलावा दोन्ही जास्त जातात. उलट च्यूट तुडुंब भरला आणि मिल हळू राहिली, तर चोक होते आणि गव्हाण थांबते. म्हणून च्यूटमधली उंची बघून मिलचा वेग आपोआप कमी-जास्त व्हावा लागतो. टर्बाइनचाही वेग गव्हर्नरने बदलता येतो, पण मर्यादेत. शिवाय ती उलटी फिरवता येत नाही. विजेच्या मोटरीचा वेग बराच खाली आणता येतो, आणि मिल अडकली तर थोडी उलटी फिरवून मोकळीही करता येते. मिल हाऊसमध्ये चोक काढणाऱ्या कामगारांना विचारा, या एका सोयीची किंमत काय ते.

पंप वेगळा, चरक वेगळा

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण मोटरीची निवड इथेच चुकते.

आपल्या सगळ्यांच्या विहिरीवर मोटर आहे. त्यामुळे मोटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पंप येतो. पंपाचा स्वभाव असा की वेग कमी केला की त्याला फिरवायला लागणारा जोर झपाट्याने उतरतो. वेग निम्मा केला तर जोर चौथाई आणि वीज आठवा हिस्सा. हळू चाललेला पंप मोटरीला जड जात नाही.

गुऱ्हाळाचा चरक तसा नाही. बैल हळू चालले म्हणून चरकात घातलेला ऊस मऊ होत नाही. हळू फिरवा की जोरात फिरवा, कांडे पिळायला जोर तेवढाच लागतो. आपली मिल म्हणजे मोठा चरकच आहे. वरच्या रोलरवरचा दाब तोच, म्हणून फिरवण्याचा जोर, ज्याला इंजिनिअर टॉर्क म्हणतात, तो जवळपास तोच राहतो. वेग निम्मा झाला तर वीज निम्मी होते, जोर मात्र निम्मा होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. हे आकडे आपल्या कारखान्याचे नव्हेत, समजण्यापुरते आहेत. मोटरीच्या पाटीवर ६०० किलोवॅट आणि मिनिटाला १००० फेरे असे लिहिले आहे. ही मोटर ६०० फेऱ्यांवर चालवली तर ती ३६० किलोवॅटच देणार. यात मोटरीचा दोष नाही. तिचा जोर ठरलेला आहे, वेग उतरला की किलोवॅट त्या प्रमाणात उतरतात.

समजा दोन टेंडर आले. दोघांचीही मोटर ६०० किलोवॅटची, १००० फेऱ्यांची. आपल्या मिलचा रोलर रोजच्या गाळपाला मिनिटाला ५ फेरे फिरतो. पहिल्याने गिअर असा धरला की मोटरीच्या १००० फेऱ्यांना रोलरचे ५ फेरे होतात. दुसऱ्याने, पुढे गाळप वाढले तर जास्त वेग मिळावा म्हणून, गिअर असा धरला की मोटरीच्या ७०० फेऱ्यांनाच रोलरचे ५ फेरे होतात. पाटी दोघांची सारखी, पण रोजच्या वेगाला पहिली मोटर ६०० किलोवॅट देऊ शकते आणि दुसरी ४२० च. रोलरवर पडणारा जोर तीस टक्के कमी. चांगल्या दिवशी हा फरक कुणाला कळणारही नाही. जड ऊस आला की दुसरी मोटर मान टाकणार, आणि मग आपण म्हणणार, "मोटर खराब निघाली." मोटर खराब नव्हती, निवड खराब होती.

म्हणून टेंडरच्या तक्त्यात पहिला रकाना किलोवॅटचा नको. रोलरच्या सर्वांत कमी वेगाला रोलरवर किती टॉर्क मिळेल, हा पहिला रकाना पाहिजे.

वाईट दिवस म्हणजे कोणता

हे सांगणे माझ्या खात्याचे काम आहे.

हंगाम सुरू होतो तेव्हा रानात ओल असते. परतीचा पाऊस लांबला तर मुळासकट माती येते. तोडणीच्या टोळ्या पूर्ण आलेल्या नसतात, त्यामुळे ऊस तुटकतुटक येतो. सणावाराला टोळी थांबते आणि रात्रपाळीला गव्हाण रिकामी पडते. या काळात मिल बंद न ठेवता हळू चालवावी लागते.

मधल्या दोन-अडीच महिन्यांत ऊस पक्व असतो, पुरवठा सलग असतो. हा चांगला काळ.

शेवटच्या टप्प्यात, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून पुढे, उन्हाने ऊस वाळू लागतो आणि रस उतरून फायबरचे प्रमाण वाढते. जळीत उसाचे प्रमाण वाढते. टोळ्यांना गावाकडची ओढ लागते, पुरवठा पातळ होतो. म्हणजे मिलवर येणारा माल जास्त चिवट आणि वेग मात्र कमी. पूर्ण जोर आणि हळू चाल, दोन्ही एकाच वेळी. मोटरीला यापेक्षा कठीण काम नाही.

यात गाडीतून आलेला दगड, पहारीचा तुकडा, ट्रॉलीची तुटलेली साखळी हेही धरा. मिल मध्येच थांबली की रोलरमध्ये दाबलेला बगॅसचा थर तसाच राहतो आणि पुन्हा सुरू करताना तो थर ओढूनच रोलर हलवावा लागतो. चढावर भरलेली गाडी थांबवली की परत उचलताना बैलाला काय पडते ते आपल्याला सांगायला नको.

या वाईट दिवसासाठी टेंडरमध्ये दोन गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या पाहिजेत.

एक म्हणजे जादा जोराची क्षमता. मोटरीचा वेग बदलणारे जे पॅनेल असते त्याला व्ही. एफ. डी. किंवा नुसते ड्राइव्ह म्हणतात. कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये एकाच ड्राइव्हपुढे बहुधा दोन आकडे छापलेले असतात. एक हलक्या कामाचा, पंप-पंख्यासाठी, ज्यात साधारण १० टक्के जादा भार मिनिटभर सोसतो. दुसरा जड कामाचा, ज्यात ५० टक्के जादा भार मिनिटभर सोसतो. पेटी तीच, पण जड कामाला तिचा किलोवॅटचा आकडा कमी धरायचा असतो. हलक्या कामाचा आकडा दाखवून टेंडर स्वस्त करता येते. मिलसाठी जड कामाचाच आकडा धरला पाहिजे, आणि मिनिटभराचा हा जादा जोर मोटर व ड्राइव्ह दोघांनाही झेपला पाहिजे.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. साध्या मोटरीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो आणि वारा कमी पडतो. पंपाला ते चालते, कारण हळू वेगाला भारही कमी असतो. मिलला चालत नाही. भार पूर्ण आणि वारा अर्धा, म्हणजे वाइंडिंग तापणार, आणि तेही मार्च महिन्याच्या उन्हात. म्हणून मिलच्या मोटरीला स्वतंत्र ब्लोअर पाहिजे, जो मोटर कितीही हळू फिरली तरी पूर्ण वारा देईल. वाइंडिंगमध्ये तापमान दाखवणारे सेन्सरही पाहिजेत. खर्चाच्या मानाने ही लहान बाब आहे. हीच गाळली तर हंगाम ऐन अंगावर असताना मोटर रिवाइंडिंगला जाते.

मोठी घेतली की झाले?

काही सभासद म्हणतात, "साहेब, एवढं डोकं कशाला चालवायचं? दुप्पट मोठी घ्या आणि मोकळे व्हा." हे म्हणणे पटण्यासारखे वाटते, पण बरोबर नाही. मोटर मोठी म्हणजे ड्राइव्ह मोठा, केबल जाड, ट्रान्सफॉर्मर मोठा. पैसा तर जातोच, शिवाय दुसरा धोका असतो. मिलमध्ये लोखंड अडकले आणि मोटर कमजोर असली तर मोटर थांबते. मोटर अफाट जोराची असली तर ती थांबत नाही, मग कपलिंग, गिअरचा दात नाहीतर रोलरचा शाफ्ट तुटतो. रोलर बदलायला किती पाळ्या जातात, आणि तेवढा वेळ गव्हाणीसमोर उन्हात उभ्या राहिलेल्या गाड्यांतला ऊस किती वाळतो, हे आपण पाहिलेले आहे. म्हणून जोर पुरेसा हवा आणि त्याला वरून मर्यादाही हवी. ड्राइव्हमध्ये ही मर्यादा बांधून ठेवता येते. ती किती ठेवायची ते जुन्या गिअरची आणि शाफ्टची ताकद तपासून ठरवावे. मोटर नवीन आणि गिअर वीस वर्षांचा, असा जोड लावायचा असेल तर हा तपास आधी झालाच पाहिजे.

पर्याय कोणते

पहिला पर्याय डी. सी. मोटर. भारतातल्या अनेक कारखान्यांनी टर्बाइन काढल्या तेव्हा आधी हीच घेतली. कमी वेगाला जोर उत्तम. पण तिला ब्रश आणि कम्युटेटर असतात. बगॅसच्या धुळीत त्यांची देखभाल सतत करावी लागते. शिवाय वेग कमी केला की पॉवर फॅक्टर घसरतो.

दुसरा पर्याय ए. सी. मोटर आणि व्ही. एफ. डी. ब्रश नाहीत, पॉवर फॅक्टर सर्व वेगाला चांगला राहतो, सुटे भाग मिळायला सोपे. अडचण ड्राइव्हच्या पॅनेलची. धूळ आणि उष्णता हे त्याचे दोन शत्रू. चालू असताना ते स्वतःच्या विजेच्या साधारण दोन-तीन टक्के उष्णता बाहेर टाकते. ६०० किलोवॅटच्या ड्राइव्हला ही उष्णता १२ ते १८ किलोवॅट होते, म्हणजे त्या खोलीत दहा-पंधरा शेगड्या रात्रंदिवस पेटवून ठेवल्यासारखे. त्यामुळे बंद, धूळ न शिरणारी, वातानुकूलित खोली आणि जादा एक ए. सी. हा मोटरीच्याच खर्चाचा भाग समजावा. त्याखेरीज मोटर ड्राइव्हवर चालण्यासाठी खास इन्सुलेशनची असावी, तिच्या एका बाजूचे बेअरिंग विजेपासून अलग केलेले असावे, आणि ड्राइव्हमुळे वीजपुरवठ्यात होणारी गडबड, ज्याला हार्मोनिक्स म्हणतात, ती आवरण्याची सोय असावी. आपण वीज विकणार असू तर शेवटची बाब फार महत्त्वाची.

तिसरा पर्याय हायड्रॉलिक मोटरीचा. ती सरळ रोलरच्या टोकाला बसते, मोठे गिअर लागत नाहीत, अडकल्यावर दाब सोडून देते. तेलाची स्वच्छता आणि जपणूक मात्र काटेकोर लागते, आणि पंपापासून रोलरपर्यंत पोचताना बरीच शक्ती खर्ची पडते.

माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. त्याला कारण आमच्या खात्याच्या अनुभवाचे आहे. ऊस हंगामात थांबत नाही. जी वस्तू जवळच्या शहरात दुरुस्त होते आणि जिचा माणूस फोन केल्यावर त्याच दिवशी येतो, तीच हंगामात आपली. सर्व मिलना एकाच मापाची मोटर घेऊन एक जादा मोटर गोडाऊनला ठेवली, तर कोणत्याही मिलची अडचण त्यावर निभावते.

पैशाचा हिशेब

मोटरी बसवल्या की किती वीज वाचते याचे आकडे विक्रेते सढळ हाताने देतात. तो हिशेब सभासदांनी स्वतः करून बघावा.

मिलची जुनी एकटप्पी टर्बाइन वाफेतल्या उपयोगी शक्तीचा साधारण ३५ ते ४५ टक्केच भाग कामी लावते. वीज तयार करणारी मोठी, अनेक टप्प्यांची टर्बाइन ७० टक्के किंवा त्याहून जास्त. फरक मोठा दिसतो. पण विजेच्या वाटेवर जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, ड्राइव्ह आणि मोटर असे चार जण आपापली वर्तावळ घेतात. चौघांची मिळून साधारण १२-१३ टक्के धरा. म्हणजे ७० चे ६१ च्या आसपास उरतात. तरीही ४० पेक्षा ६१ चांगलेच.

समजण्यापुरते उदाहरण: रोज ३५०० टन गाळप, चार मिल, प्रत्येकीला सरासरी ४०० किलोवॅट, एकूण १६०० किलोवॅट. जुन्या टर्बाइन किलोवॅटला तासाला १७ किलो वाफ घेत असतील तर वाफ लागते तासाला सुमारे २७ टन. हीच वाफ मोठ्या टर्बाइनमधून ९ किलोला एक युनिट या हिशेबाने गेली तर सुमारे ३००० किलोवॅट मिळतात. त्यातून मिलच्या मोटरींना सुमारे १८०० गेले, उरले १२००. दीडशे दिवसांचा हंगाम आणि बंद तास वजा जाता ३८-३९ लाख युनिट. युनिटला ५ रुपये धरले तर दोन कोटींच्या थोडे खाली, टनामागे सदतीस-अडतीस रुपये.

पण यात एक अट आहे. मिलच्या टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ वाया जात नाही, ती पुढे रस आटवायला वापरली जाते. म्हणून फायदा नुसती टर्बाइन काढल्याने होत नाही. ती वाफ मोठ्या टर्बाइनमधून नेऊन जादा वीज तयार झाली आणि ती विकली गेली, तरच होतो. आपल्या जनरेटरला तेवढी क्षमता आहे का? जादा वीज घेण्याचा करार आहे का, किती वर्षांचा, कोणत्या दराने? ही उत्तरे नसतील तर वरचे दोन कोटी कागदावरच राहतील.

दुसरा फायदा माझ्या दृष्टीने जास्त भरवशाचा आहे. मिल च्यूटच्या उंचीप्रमाणे नीट चालली तर बगॅसमध्ये जाणारी साखर कमी होते. उसाच्या २८ टक्के बगॅस आणि त्यातली साखर ०.३ टक्क्याने कमी झाली असे धरा. पाच लाख टन गाळपाला ही साखर ४२० टन होते. त्यातली पोत्यात येणारी ३६० टन धरली आणि क्विंटलला ३५०० रुपये भाव धरला, तर सव्वा कोटी रुपये, टनामागे २५ रुपये. उताऱ्यात हा फरक ०.०७ च्या घरात जातो. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी एफ. आर. पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये आणि त्यापुढे उताऱ्याच्या प्रत्येक ०.१ ला ३४ रुपये ६० पैसे अशी ठरली होती. तेव्हा बगॅसमध्ये गेलेली साखर म्हणजे आपल्याच बिलातून गेलेला पैसा आहे.

आपली बाजू

मोटर कितीही चांगली घेतली तरी ती ऊस आणून देत नाही. पुरवठा सलग नसेल तर च्यूट रिकामाच राहणार आणि वेग बदलणारी मोटर नुसती वेगच बदलत बसणार. पाचट आणि वाढे काढून मोळी बांधणे, तोडलेला ऊस त्याच दिवशी गाडीत भरणे, रात्रपाळीच्या गाड्या वेळेवर सोडणे, ट्रॉलीतले दगड-लोखंड तपासणे, ही आपली आणि आमच्या गट ऑफिसची जबाबदारी आहे. क्रमवारीच्या तारखेवरून भांडण होते आणि एकाच दिवशी दोन दिवसांच्या गाड्या येतात, तेव्हा मिलवर काय होते तेही आठवावे.

माझी सूचना अशी. टेंडर काढण्यापूर्वी मागच्या तीन हंगामांची आठवडावार माहिती एका तक्त्यात मांडावी: उसातले फायबर, रोजचे गाळप, ऊस नसल्याने बंद पडलेले तास, चोक होऊन बंद पडलेले तास, आणि जळीत उसाचे प्रमाण. लॅबोरेटरी, मिल हाऊस आणि शेतकी खाते या तिघांच्या वह्यांत ही माहिती आहेच. त्यातला सर्वांत वाईट आठवडा काढावा, आणि त्या आठवड्याचा ऊस, त्या आठवड्याच्या वेगाने जी मोटर सलग ओढू शकेल तीच मोटर, असे टेंडरमध्ये लिहावे. शेतकी खात्याचा तक्ता देण्यास आम्ही तयार आहोत. शिवाय मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही आपल्यासारख्या ऊस उत्पादक सभासदांनीच १९७५ साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट या नावाने उभी केलेली संस्था आहे. टेंडरचा मसुदा तिथल्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. विक्रेत्याच्या सल्ल्यावर विक्रेत्याचीच वस्तू घेणे हा व्यवहार नव्हे.

सभेला येताना हे सहा प्रश्न लिहून आणा.

१. रोलरच्या सर्वांत कमी वेगाला रोलरवर टॉर्क किती, आणि तो किती वेळ सलग मिळेल?
२. ड्राइव्हचा आकडा जड कामाचा आहे की हलक्या कामाचा?
३. मोटरीला स्वतंत्र ब्लोअर आणि ड्राइव्हला वातानुकूलित खोली किमतीत धरली आहे का?
४. जुन्या गिअरची व शाफ्टची ताकद तपासली का?
५. जादा वीज तयार करण्याची क्षमता आणि विकण्याचा करार आहे का?
६. हंगामात बिघाड झाला तर माणूस किती तासांत येणार, आणि जादा मोटर कोण ठेवणार?

या सहा प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली तर ठरावाला हात वर करायला हरकत नाही. उत्तरे मिळाली नाहीत तर ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवायलाही हरकत नाही. टर्बाइन जुनी झाली आहे, पण ती आणखी एक हंगाम ओढू शकते. चुकीची मोटर मात्र एकदा पायावर बसली की पंधरा-वीस वर्षे हलत नाही आणि तिचे कर्ज आपल्या टनावर बसते.

सन १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेला सहकारी कारखान्याची पहिली मोळी पडली, तेव्हापासून यंत्र कोणते घ्यायचे हे शेवटी सभासदांच्या सभेतच ठरत आले आहे. यंत्र आपल्याला समजत नाही म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. ज्याला चरक समजतो त्याला मिल समजते. सभेची नोटीस हातात पडली की विषयपत्रिका वाचा, गटातल्या दोन-चार जणांनी मिळून चर्चा करा, आणि सभेला जरूर या.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते